'छोटीसी बात': अरुणला बदलायची खरंच गरज होती का?

सुमेधा_कल्याण:
बासू चॅटर्जींचा 'छोटीसी बात' (१९७६) परवा घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. बघून झाल्यावर जेवणाच्या टेबलावर जो वाद पेटला तो अजून मिटलेला नाही, म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अरुण प्रदीप (अमोल पालेकर) जॅक्सन तोलाराम नावाच्या कंपनीत नोकरीला. कमालीचा बुजरा. बसस्टॉपवर रोज दिसणारी प्रभा (विद्या सिन्हा) त्याला आवडते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. त्यात तिच्या ऑफिसातला नागेश (असरानी) स्कूटर घेऊन हजर. शेवटी अरुण खंडाळ्याला कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग (अशोक कुमार) यांच्याकडे शिकायला जातो आणि पार वेगळाच माणूस होऊन परत येतो.

माझं मत असं: मध्यंतरापर्यंतचा सिनेमा मला जिवापाड आवडतो. तो घाबरट, मनातल्या मनात मांडे खाणारा अरुण किती खरा आहे! खंडाळ्याहून परतलेला अरुण मात्र मला परका वाटतो. तो हुशार झालाय, पण जरा लबाडही झालाय. आणि प्रभाला तर तो आधीपासूनच आवडत होता. मग हा सगळा मेकओव्हर कशासाठी? तुम्हाला काय वाटतं?

बेस्टचा_प्रवासी:
मध्यंतरापर्यंतच्या भागाबद्दल हजार वेळा अनुमोदन. बसची रांग, ती आली की याची उडणारी धांदल, बोलायचं ठरवून ऐन वेळी गिळलेला शब्द. मुंबईत नोकरी केलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. के. के. महाजनांचा कॅमेरा रस्त्यावर, फुटपाथवर, बसमध्ये असा सहज फिरतो की सिनेमा बघतोय हेच विसरायला होतं.

पण दुसऱ्या भागातला अरुण परका वाटतो हे मान्य नाही. नागेशची जिरते ते बघताना मी दर वेळी टाळ्या वाजवतो.

आसावरी_म:
मी विरोधी मत नोंदवते. मला हा सिनेमा हलकाफुलका वाटतच नाही, आणि त्याचं कारण खंडाळ्याच्या आधीचं आहे. एक माणूस रोज एका मुलीच्या मागे मागे तिच्या ऑफिसपर्यंत जातो आणि आपण त्याला 'किती गोड' म्हणतो. मी कॉलेजात असताना एक जण असाच रोज मागे यायचा. काही बोलायचा नाही, काही करायचा नाही, फक्त यायचा. मी बस बदलली, वेळ बदलली. त्याच्या मनात कदाचित असंच गाणं वाजत असेल. माझ्या मनात फक्त भीती होती.

पालेकर चेहऱ्यानेच सज्जन दिसतात म्हणून आपण हे खपवून घेतो. त्या जागी दुसरा कुणी नट कल्पून बघा.

मिलिंद_नाशिक:
आसावरीताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. त्यावर वाद घालायचाच नाही. पण सिनेमात एक गोष्ट वेगळी आहे. प्रभाला सगळं माहीत असतं. तो मागे येतोय हे तिला कळतं, मैत्रिणीशी ती त्यावर बोलते, हसते, आणि तो कधी बोलतोय याची वाट बघते. त्याच्या बुजरेपणाची ती चक्क मजा घेते. अरुणला वाटतं आपण तिला बघतोय. प्रत्यक्षात तीच त्याला बघत असते. लाजाळू माणसाला खेळवणारी, स्वतःच्या पगारावर जगणारी नायिका त्या काळच्या हिंदी सिनेमात किती होत्या?

आणि 'न जाने क्यूँ' आठवा. तो खंडाळ्याला निघून गेलाय आणि ही रोजच्या जागांवरून एकटी चाललीय. जिथे तो असायचा तिथे तो नाही. योगेशचे शब्द, सलिल चौधरींची चाल, लताबाईंचा आवाज. गाणं तिचं आहे, त्याचं नाही. प्रेमात कोण जास्त पडलंय हे तिथे कळतं.

आसावरी_म:
मिलिंद, हे मला दिसतं. पण तिला ते आवडतं, कारण पटकथेत तसं लिहिलंय. मागे येणारा प्रत्येक मुलगा मनात हेच धरून चालतो की 'तिला कळतंय आणि तिला आवडतंय'. सिनेमाने त्या समजुतीला बळ दिलं की नाही?

गाण्याबद्दल मात्र एक अक्षर बोलणार नाही. ते मीही लूपवर ऐकते.

जुना_गिरगावकर:
तो काळ पाहिलेला माणूस म्हणून लिहितो. आज ज्याला तुम्ही मेकओव्हर म्हणता त्यात तेव्हा कपडे आणि केस यांपेक्षा वाहनाचा वाटा मोठा होता. स्कूटर म्हणजे काय चीज होती हे नव्या पिढीला कळायचं नाही. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. ज्याच्याकडे स्कूटर तो लग्नाच्या बाजारात दोन पायऱ्या वर. नागेश प्रभाला स्कूटरवर लिफ्ट देतो आणि अरुण बसच्या रांगेत उभा राहतो, या एका दृश्यात त्या वेळच्या मुंबईचं अख्खं अर्थशास्त्र आहे. म्हणून तर अरुण घाईघाईने ती खटारा मोटारसायकल विकत घेतो आणि फसतो.

तेव्हा गरज कशाची होती, तर आपण कमी आहोत ही भावना जाण्याची. ती बसच्या रांगेत उभं राहून जात नव्हती.

घाटमाथा:
आम्ही खंडाळ्याला गेलो की फक्त चिक्की घेऊन परत येतो. कर्नलसाहेबांचा पत्ता कुणीच देत नाही :)

पिंगपाँग:
@घाटमाथा, हाहा, लिमलेटच्या गोळ्या पण मिळतात.

मी राज्य पातळीपर्यंत टेबल टेनिस खेळलोय, तेव्हा सिनेमातल्या अरुण-नागेशच्या सामन्याबद्दल बोलायचा माझा हक्क आहे. अरुण तिथे खेळाने जिंकत नाही. समोरच्याची लय तोडून जिंकतो. त्याला थांबवायचं, त्याचं लक्ष उडवायचं, त्याला चिडवायचं. हे प्रत्यक्षात चालतं आणि भयंकर चालतं. सर्व्हिसच्या आधी टॉवेलने घाम पुसायला जाणारे, लेस बांधायला वाकणारे खेळाडू मी पाहिलेत. नियमात बसतं, पण त्यांच्याबद्दल कुणाला आदर वाटत नाही. सुमेधाताईंना जे टोचलंय ते मला याच प्रसंगात टोचलं. नागेश बढाईखोर आहे, पण खेळाडू चांगला आहे. त्याला खेळात हरवलं असतं तर मी उभा राहून टाळ्या दिल्या असत्या.

सिनेवाचक:
@पिंगपाँग, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. या कथेचं मूळ १९६० च्या 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' या इंग्रजी चित्रपटात आहे आणि त्याचं मूळ स्टीफन पॉटर या लेखकाच्या पुस्तकांत. त्यातलं पहिलं, 'गेम्समनशिप', १९४७ चं. फसवणूक न करता, नियम न मोडता समोरच्याला हैराण करून कसं जिंकायचं, हाच त्या पुस्तकाचा विषय. इंग्लंडमधल्या क्लबात खेळणाऱ्या सभ्य गृहस्थांची ती थट्टा होती.

बासूदांची कमाल अशी की त्यांनी ते सगळं उचलून मुंबईच्या कारकुनी जगात आणलं आणि कुठे परकं वाटू दिलं नाही. मूळ चित्रपटात टेनिस आहे, इथे ऑफिसातल्या माणसांना परवडणारं टेबल टेनिस आलं. तिकडे नायकाच्या गळ्यात भंगार मोटारगाडी मारतात, इकडे मोटारसायकल. मध्यंतराआधीचा तो लांबलचक, हळुवार भाग मात्र जवळजवळ पूर्ण त्यांचा स्वतःचा आहे. म्हणून मला वाटतं की धागाकर्तीला दोन भागांत जो सांधा जाणवतो तो खरोखरच तिथे आहे. पहिल्या भागाचा जीव बासूदांचा, दुसऱ्याचा सांगाडा पॉटरचा. पटकथेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं ते अगदी योग्य होतं.

सुमेधा_कल्याण:
@सिनेवाचक, फार छान माहिती. सांधा कुठून आला ते कळलं. तरी मला टोचतं ते टोचतंच.

मेघना_न्यूजर्सी:
आमच्याकडे इथे जन्मलेली लेक सोबत बघायला बसली होती. तिला पहिला अर्धा तास झेपलाच नाही. 'हा तिला सरळ हाय का म्हणत नाही?' हाच प्रश्न. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की ओळख करून दिल्याशिवाय मुलीशी बोलायचं म्हणजे केवढं धाडस वाटायचं, शेजारीपाजारी काय म्हणतील, ऑफिसात काय बोललं जाईल. तिला ते पटलं नाही, पण कर्नल आल्यावर मात्र ती खिळून बसली. तिच्या मते सिनेमा तिथे सुरू होतो. जेवणाच्या टेबलावर नागेशची फजिती होते तो चॉपस्टिक्सचा प्रसंग तिने मागे नेऊन पुन्हा लावला.

म्हणजे आमच्या घरात नेमकं उलटं झालं. मला पहिला भाग प्रिय, तिला दुसरा.

बेस्टचा_प्रवासी:
चॉपस्टिक्सच्या जागी नागेशचा चेहरा! असरानींचं ते काम कुणी विसरू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये असरानी गेले तेव्हा सगळीकडे 'शोले'तला जेलरच आठवला गेला. मला आधी नागेश आठवला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला आणि तिथेच पुढे शिकवलेला माणूस. नागेशच्या आगाऊपणात किती बारकावे आहेत ते बघा. तो खलनायक नाही, नुसता अतिआत्मविश्वास असलेला सहकारी आहे. आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात असतो.

केतकी_प:
ते सॅमोव्हार दिसलं की माझं सिनेमाकडे लक्षच राहत नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतलं ते लांबट, व्हरांड्यासारखं कॅफे, बाजूला म्युझियमची हिरवळ. १९६४ ला सुरू झालं आणि २०१५ मध्ये बंद झालं. एक चहा घेऊन तासन्‌तास बसलं तरी कुणी उठा म्हणायचं नाही. पराठे काय असायचे!

जुना_गिरगावकर:
केतकी, पराठे आणि पेरूचा रस. जे. जे. कला महाविद्यालयाची मुलं, चित्रकार, नाटकवाले, प्रेमात पडलेले कारकून, सगळे एका ओळीत. पालेकर स्वतः जे. जे. चे चित्रकार आणि त्या काळात बँक ऑफ इंडियात नोकरीला. कारकुनाचं काम त्यांना कुणी शिकवायला नको होतं. खांद्याला अडकवलेली बॅग, इस्त्री केलेला पण जरा ढगळ शर्ट, ही माणसं मी रोज चर्चगेटला उतरताना पाहायचो.

घाटमाथा:
धागा खंडाळ्याहून काळा घोड्याला पोचला. आता चर्चगेट फास्ट पकडून परत या लोकहो.

रेवती_पुणे:
कुणीच अजून 'ती फुलराणी'चा उल्लेख कसा केला नाही? जवळपास त्याच सुमारास, १९७५ मध्ये, पुलंचं नाटक रंगभूमीवर आलं. भक्ती बर्वेंची मंजुळा. म्हणजे एकाच मुंबईत, मागेपुढे, दोन मेकओव्हर चाललेत. एकात फुलं विकणाऱ्या मुलीला प्राध्यापक पैजेखातर घडवतो, दुसऱ्यात कारकून स्वतःहून कर्नलकडे जातो.

मला फरक इथे दिसतो. मंजुळेला बदलल्यावर ती भांडते. 'मला घडवलंस, आता माझं काय?' हा हिशेब ती प्राध्यापकाकडे मागते. अरुण कर्नलकडे असा काही हिशेब मागत नाही. तो खूश होऊन परत येतो. पुरुषाचा मेकओव्हर झाला की त्याला प्रमोशन मिळाल्यासारखं वाटतं आणि बाईचा झाला की तिची मूळ जागाच जाते. दोन्हीकडे शिकवणारा पुरुषच, हे वेगळं.

आसावरी_म:
रेवती, हा प्रतिसाद जपून ठेवते. 'मूळ जागाच जाते' हे अगदी खरं. हिंदी सिनेमात चष्मा काढला, केस मोकळे सोडले की मुलगी 'दिसायला' लागते. तिला कुणी विचारतही नाही. निदान अरुणला तरी कुणी चेहरा बदलायला लावला नाही. तो बोलणं शिकला, उभं राहणं शिकला, ऑफिसात आवाज वापरायला शिकला. माझा आक्षेप मागे लागण्याला आहे, शिकण्याला नाही.

श्रीरंग_कोथरूड:
मी लोकांना मुलाखतीसाठी, सभेत बोलण्यासाठी तयार करण्याचं काम करतो. त्यामुळे कर्नल हे पात्र मला व्यवसायबंधू वाटतं. थोडं सविस्तर लिहितो.

बुजरा माणूस समोर येतो तेव्हा त्याला वाटत असतं की बाकी सगळ्यांना जगण्याची कसलीतरी युक्ती माहीत आहे आणि फक्त आपल्यालाच ती कुणी सांगितली नाही. त्याला आधी युक्तीच द्यावी लागते. हात कुठे ठेवायचे, वेटरला हाक कशी मारायची, समोरचा मोठ्याने बोलला तर आपण हळू बोलायचं. या बाहेरच्या गोष्टी आहेत. पण त्या केल्यावर पहिल्यांदा कुणीतरी त्याचं ऐकून घेतं, आणि त्या अनुभवाने आतला माणूस सरळ उभा राहतो. अरुण ऑफिसात परत येतो तेव्हाचे प्रसंग बघा. तो तिथे आधीही साहेबच होता, पण हाताखालची माणसं त्याला जुमानत नव्हती. परतल्यावर त्याचं पद तेच आहे, खुर्ची तीच आहे, फक्त तो खुर्चीत पूर्ण टेकून बसतो. मला तो भाग टेबल टेनिसपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

सुमेधाताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: गरज होती, आणि ती प्रभासाठी नव्हती. प्रभा नसती तरी अरुणला खंडाळ्याला जायलाच हवं होतं. गॅरेजवाले त्याला फसवतात, शिपाई त्याला हसतो, नागेश त्याला बाजूला सारतो. हे सगळं गोड म्हणून बघणं आपल्याला सोपं आहे. जो ते रोज सोसतो त्याला विचारा.

पिंगपाँग:
@श्रीरंग, पटलं. पण युक्ती देताना ती कुठे थांबवायची हेही शिकवायला हवं ना? तीच मोटारसायकल तो त्याच गॅरेजवाल्यांच्या गळ्यात परत मारतो, तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या असतील. मलाही मजा आली. मजा आली म्हणूनच जास्त विचार करावासा वाटतो.

बेस्टचा_प्रवासी:
अहो, फसवणाऱ्याला त्याचीच गाडी परत दिली, यात कसला विचार! :)

तन्मय९७:
मी पहिल्यांदाच पाहिला. दोन गोष्टी भारी वाटल्या. एक, अमिताभ स्वतः अमिताभ म्हणून कर्नलचा सल्ला घ्यायला येतो. दोन, थिएटरातल्या पडद्यावर धर्मेंद्र-हेमामालिनी 'जानेमन जानेमन' गातायत आणि बघता बघता त्यांच्या जागी अरुण आणि प्रभा येतात. येसूदास आणि आशाताईंचं गाणं.

सिनेवाचक:
@तन्मय९७, त्या दोन्ही गोष्टी नुसत्या पाहुण्या कलाकारांची हौस म्हणून नाहीत. 'दीवार' आणि 'शोले' १९७५ चे. म्हणजे पडद्यावर संतापलेला, उंचापुरा नायक राज्य करत असताना हा सिनेमा आला. निर्माते बी. आर. चोप्रा होते, त्यांच्याच 'ज़मीर' या सिनेमातल्या वेशात अमिताभ येतो. असा नायकही कर्नलकडे सल्ला मागतो, तर बसच्या रांगेतल्या माणसाने लाजायचं कशाला? बासूदा 'ब्लिट्झ' साप्ताहिकात बरीच वर्षं व्यंगचित्रकार होते. मोठ्या माणसाला एका रेघेत साध्या माणसाच्या शेजारी आणून बसवायचं, ही व्यंगचित्रकाराचीच नजर.

आणि जानेमनमधलं तुम्ही म्हणताय ते तर या धाग्याचंच उत्तर आहे. अरुणला मनातून हिरो व्हायचं होतं. तो बदल त्याच्यावर कुणी लादलेला नाही.

मिलिंद_नाशिक:
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण एक मुद्दा सगळ्यांकडून राहिला. अरुण सगळे डाव टाकतो: जेवणाच्या टेबलावर, खेळात, गॅरेजमध्ये, ऑफिसात. पण प्रभा त्याच्या घरी येते तेव्हा कर्नलने शिकवलेला शेवटचा डाव तो टाकत नाही. टाकवत नाही. नागेशवर युक्ती चालवणं वेगळं आणि जिच्यावर जीव आहे तिच्यावर चालवणं वेगळं, हे त्याला त्या क्षणी कळतं. म्हणजे खंडाळ्याने त्याला धीट केलं, पण सुमेधाताईंना आवडलेला अरुण पुसला नाही. मला वाटतं सगळा दुसरा भाग याच एका नकारासाठी रचलाय. बुजरा अरुण तिथे थांबला असता तर आपण म्हटलं असतं, घाबरला. आता तो घाबरत नाही, तरी थांबतो.

सुमेधा_कल्याण:
मिलिंद, हा शेवटचा मुद्दा मी नवऱ्याला वाचून दाखवला. त्याचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं, फक्त त्याला असं मांडता आलं नाही. तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. पालेकर तिथे फार थोडं करतात आणि सगळं कळतं.

टेबल टेनिस मला अजूनही आवडत नाही. आणि आसावरी, तुझा मुद्दा लेकीला मुद्दाम वाचायला दिला. ती बसने कॉलेजला जाते.

आसावरी_म:
तिला सांग, मागे येणाऱ्याला पहिल्याच दिवशी वळून मोठ्याने विचारायचं, 'काय काम आहे?' आजूबाजूचे चार लोक बघतील एवढ्या मोठ्याने. आमच्या वेळी हे शिकवणारं कुणी नव्हतं.

मिलिंद, शेवटच्या डावाचं पटलं. तेवढ्या एका जागेसाठी अरुणला माफ करायला तयार आहे. बसस्टॉपसाठी नाही.

मेघना_न्यूजर्सी:
लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, शेवटी नागेशच कर्नलकडे शिकायला जातो, त्याच्यावर पुढचा सिनेमा काढायला हवा होता.

केतकी_प:
तो मी पहिल्या दिवशी पहिला शो बघितला असता.